निर्णय घेणाऱ्यांची यादी

वाळूजच्या एमआयडीसीत कोणत्या कारखान्याचा वॉचमन न मागता पाणी देतो आणि कोणता गेटवरच तिष्ठत ठेवतो, हे हेमचंद्र धानोरकरांना पाठ झालं होतं. वय सत्तावन्न, डावा गुडघा कुरकुरणारा, आणि स्कूटर गेटबाहेर लावायची सक्ती. गेटपासून ऑफिसपर्यंत उन्हातून चालायचं, रजिस्टरमध्ये नाव, गाव, येण्याचं कारण लिहायचं आणि रेक्झिनच्या सोफ्यावर बसून राहायचं. कारणाच्या रकान्यात ते ‘भेट’ असं लिहीत. जाहिरात असं लिहिलं की आतून निरोप यायचा, साहेब मीटिंगमध्ये आहेत.

खुलताबादच्या तहसील कचेरीतल्या कारकुनाचा हा मुलगा. बी.कॉम. झाल्यावर शहरातल्या एका दैनिकाच्या जाहिरात विभागात लागला आणि तिथंच सत्तावीस वर्षं राहिला. नावात बदल, हरवलेली कागदपत्रं, वाढदिवस, निधन अशा छोट्या जाहिराती त्यांच्याकडे असत. माणूस गेलेल्या घरी जाऊन, बाहेरच्या पायरीवर बसून, मयताचं नाव आणि दशक्रियेची वेळ ते दोनदा वाचून दाखवत. त्यांच्या हातून छापलेल्या निधनवार्तेत कधी चूक झाली नाही, याचा त्यांना मनातून अभिमान होता. मग छोट्या जाहिराती लोकांच्या मोबाइलवर गेल्या, दैनिकाने शहरातलं ऑफिस आवरलं आणि धानोरकर एका नारळ-शालीसकट घरी आले.

घरी म्हणजे मुकुंदवाडी स्टेशनच्या अलीकडे, तीन खोल्यांत. पत्नी सरोजिनीबाई शाळेत गणित शिकवायच्या. त्यांचा जुना विद्यार्थी हिमांशू पुण्याची नोकरी सोडून परत आला होता आणि गारखेड्यात एका पॅथॉलॉजी लॅबच्या वर दोन खोल्या घेऊन बातम्यांची वेबसाइट चालवत होता. ‘डिजिटल पहारा’ तिचं नाव. कुठल्या हॉस्पिटलचे कॉम्प्युटर कोणी कुलूपबंद केले, कोणत्या सॉफ्टवेअरमध्ये भोक सापडलं, कोणत्या बँकेच्या नावाने खोटे मेल फिरतायत, अशा बातम्या त्यावर असत. बाईंना भेटायला आलेला हिमांशू धानोरकरांकडे वळून म्हणाला, “काका, तुम्हाला माणसांकडे जाता येतं. मला ते जमत नाही. याल का?”

कामाचं स्वरूप त्याने पहिल्याच दिवशी समजावलं. “लाखभर लोकांनी वाचून उपयोग नाही काका. कंपनीत कोणतं सॉफ्टवेअर, कोणती मशिन्स घ्यायची हे ठरवणारे चारशे जण वाचत असले की जाहिरातदार आपल्या पायऱ्या चढून येतो.” म्हणून साइट फुकट होती, पण वाचायच्या आधी एक फॉर्म भरावा लागे. नाव, कंपनी, हुद्दा, कामगार किती, आणि शेवटी, खरेदीच्या निर्णयात तुमचा वाटा काय. त्यापुढे तीन चौकोन होते. माहिती देतो, शिफारस करतो, अंतिम निर्णय घेतो. जाहिरात देणाऱ्या कंपन्या तिसऱ्या चौकोनातली माणसं मागत. ती माणसं गोळा करायला धानोरकर स्कूटरवरून वाळूज, चिकलठाणा, शेंद्रा पालथं घालू लागले.

निर्णय घेणारी माणसं कशी असतात, याबद्दल त्यांनी मनाशी काही चित्र रंगवलं होतं. प्रत्यक्षात ती स्टोअरच्या मागच्या खोलीत सापडली. त्या खोल्यांना एसी असायचा, तो मशिन्ससाठी. त्यांचा चहा सगळ्यांत शेवटी यायचा. प्रिंटर अडला की त्यांना हाक मारली जायची आणि तो चालला की कोणी नाव काढायचं नाही.

शिवराज तुपे त्यांतलाच. गाड्यांचे सुटे भाग करणाऱ्या एका मध्यम कारखान्यात तो आयटीचा प्रमुख होता, आणि त्याच्या हाताखाली कोणी नसल्यामुळे आयटी म्हणजे तोच. लासूर स्टेशनचा, शेतकऱ्याघरचा. वय छत्तीस. मे महिन्यात तो खोलीत स्वेटर घालून बसलेला धानोरकरांना दिसला.

“बसा साहेब,” तो म्हणाला. “इथं थंडी वाजती. बाहेरचे समदे म्हणत्यात, तुझी लई मजा हाय.”

धानोरकरांनी साइट दाखवली. शिवराजने तिथल्या तिथं दोन बातम्या सगळ्या वाचून काढल्या. बहुतेक जण मथळा बघून मान हलवत. त्याने एक प्रश्नही विचारला, जो धानोरकरांना कळला नाही. मग त्याने फॉर्म भरायला घेतला आणि शेवटच्या प्रश्नाशी थांबला.

“अंतिम निर्णय? साहेब, मला माऊस बदलायचा झाला तर तीन सह्या लागत्यात. मी आपलं सुचवतो. मधलं करू का?”

धानोरकर दुपारचे दमलेले होते. त्या दिवसातली ती सातवी भेट होती आणि आधीच्या सहाही जणांनी मधलाच चौकोन निवडला होता.

“तिसरं करा,” ते म्हणाले. “ते नुसतं आमच्या हिशेबासाठी असतं. त्याने तुम्हाला काही फरक पडत नाही.”

“नक्की?”

“अहो, फॉर्म तो. कोण बघतंय.”

शिवराजने तिसऱ्या चौकोनात खूण केली.

त्यानंतर धानोरकर त्या बाजूला गेले की त्याच्याकडे डोकावत. दुसरीकडे कुठं नाही तरी तिथं त्यांना बसावंसं वाटे. शिवराज साइटवरचं सगळं वाचायचा. “ती अपेक्षा म्हणून पोरगी हाय ना तुमच्याकडं, ती चांगलं लिहिती,” तो म्हणे. “घाबरवत नाय. काय करायचं ते सांगती.” अपेक्षा ही साइटची एकुलती एक बातमीदार. धानोरकर हे तिला जाऊन सांगत आणि ती खाली मान घालून टाइप करत राही, पण कान लाल होत.

धानोरकरांच्या या नोकरीच्या पाचव्या वर्षी, पावसाळ्याच्या सुमाराला एक मोठी जाहिरात आली. बॅकअप विकणारी बाहेरगावची कंपनी होती. कारखान्याच्या सगळ्या नोंदींची रोज एक प्रत वेगळी ठेवायची, म्हणजे हल्ला झाला तरी ती परत आणता येते, असं त्यांचं सॉफ्टवेअर. त्यांना सहा महिन्यांची मोहीम हवी होती. साइटच्या माथ्यावर पट्टा, दर सोमवारच्या मेलमध्ये चार ओळी, आणि एक मोठा लेख. लेख बातमीसारखा दिसला पाहिजे, तेच अक्षर, तीच मांडणी, अशी त्यांची अट होती. ‘प्रायोजित’ हा शब्द वर कोपऱ्यात फिक्या राखाडी रंगात बसवला गेला. चष्मा लावूनही धानोरकरांना तो पटकन दिसला नाही. दैनिकात जाहिरातीला चौकट असायची आणि चौकटीच्या आतलं काय, बाहेरचं काय, हे निरक्षर माणसालाही कळायचं. ते त्यांच्या मनात आलं. मोहिमेमुळे ऑफिसच्या सहा जणांचं वर्ष निभावणार होतं, हेही आलं.

लेख आल्यावर ते वाळूजला गेले आणि सगळ्यांना म्हणाले, वाचा, चांगला आहे. शिवराजने वाचला.

“ही बातमी हाय का जाहिरात?” त्याने विचारलं.

“माहिती आहे,” धानोरकर म्हणाले. “तुमच्या उपयोगाची.”

आठवड्याभरात बॅकअपवाल्या कंपनीचा विक्रेता शिवराजकडे आला. शिवराजने वर कागद पाठवला, मालकांच्या धाकट्या भावाने दुसऱ्यापेक्षा स्वस्त पडतं म्हणून सही केली आणि दिवाळीच्या आधी ते बसलं. रोज सकाळी पडद्यावर हिरवी खूण यायची. प्रत पूर्ण.

डिसेंबरच्या अकरा तारखेला, गुरुवारी, अपेक्षा एक बातमी घेऊन हिमांशूच्या टेबलापाशी आली. त्याच बॅकअपच्या ताज्या सुधारणेत खोट होती. काही गिऱ्हाइकांकडे हिरवी खूण येत होती, पण प्रत आतून रिकामी निघत होती. दोन राज्यांतल्या तीन कारखान्यांशी ती बोलली होती, कंपनीला प्रश्न पाठवले होते आणि कंपनीने उत्तर दिलं नव्हतं.

हिमांशूने बातमी वाचली, पुन्हा वाचली, आणि खुर्ची फिरवली. “काका, तुमचं काय म्हणणं?”

धानोरकरांना नंतर पुष्कळदा वाटलं, की त्याने आपल्याला विचारलं नसतं तर बरं झालं असतं. पण त्याने विचारलं, आणि त्यांनी सत्तावीस वर्षांच्या सवयीने उत्तर दिलं. दैनिकातही जाहिरातदाराच्या विरुद्धची बातमी कधी दोन दिवस, कधी आठवडा टेबलावर पडून राहायची. कोणाचं काही बिघडलेलं त्यांनी पाहिलं नव्हतं, किंवा पाहायला ते गेले नव्हते.

“मोहीम सव्वीसला संपते,” ते म्हणाले. “पंधरा दिवसांचा प्रश्न आहे. मग लावू.”

“काका, शेवटचा परिच्छेद तरी बघा,” अपेक्षा म्हणाली. “एवढंच सांगितलंय, की एखादी प्रत खरोखर परत आणून बघा. कंपनीचं नावही नको असेल तर काढते.”

“नाव काढलं तरी त्यांना कळेलच ना,” हिमांशू म्हणाला. “राहू दे. सव्वीसनंतर.”

अपेक्षाने बातमीला तारीख घातली आणि ती ठेवून दिली. अठ्ठावीसला, रविवारी, बातमी साइटवर आली. रविवारी फारसं कोणी वाचत नसे.

जानेवारीत धानोरकर शिवराजच्या कारखान्यात गेले तेव्हा वॉचमनने रजिस्टर पुढे केलंच नाही. “तुपे साहेब नाय आता इथं,” तो म्हणाला. “गेले.”

“कुठं गेले?”

“काढलं त्यांना. लई मोठं लफडं झालं, समदे कॉम्प्युटर बंद पडलेले. तीन दिवस कंपनी ठप्प.”

धानोरकरांनी गेटबाहेर येऊन, लिंबाच्या सावलीत उभं राहून फोन लावला. शिवराजने उचलला. आवाजात राग नव्हता, म्हणून धानोरकरांना जास्तच कसंसं झालं.

“वीस तारखेला हल्ला झाला साहेब. मी म्हणलं, काळजी नाय, प्रत हाय आपल्याकडं. उघडली तर आत काहीच नाय. ऑर्डरी, डिझाइनं, समदं गेलं. मग चौकशी लावली. बॅकअपवाल्यांनी हात झटकले. मी म्हणलं, मी नुसतं सुचवलं होतं, सही वरची हाय. तर त्यांच्या माणसानं एक कागद काढला. तुमच्या साइटवरनं त्यांना मिळालेली यादी. माझ्या नावापुढं लिहिलेलं, अंतिम निर्णय घेतो.”

धानोरकरांनी फोन दुसऱ्या कानाला लावला.

“मालकाच्या भावानं तो कागद माझ्यापुढं धरला. म्हणला, तूच लिहिलंयस, निर्णय तुझा. आता आमच्याकडं बोट दाखवू नको. काय बोलायचं मग? खूण तर मीच केलती.”

त्या दिवशी धानोरकरांनी पुढच्या दोन भेटी केल्या नाहीत. घरी येऊन ते खुर्चीत बसले ते चपलांसकट. सरोजिनीबाई सहामाहीचे राहिलेले पेपर तपासत होत्या. त्यांनी दोन पेपर होईपर्यंत वाट पाहिली आणि मग विचारलं. धानोरकरांनी सगळं सांगितलं, खुणेचंही आणि अडवलेल्या बातमीचंही.

“बातमीचं त्याला माहीत आहे?” बाईंनी विचारलं.

“नाही. फक्त खुणेचं.”

“आणि तुमच्या मनात काय आहे?”

“काही नाही. दमलोय मी, सरोज. सगळ्यालाच दमलोय.”

“ते दिसतंय,” बाई म्हणाल्या. त्यांच्या आवाजात माया होती का कंटाळा, हे चौतीस वर्षांच्या संसारानंतरही धानोरकरांना ओळखता आलं नाही. “मी रजा टाकून तुमच्याबरोबर येणार नाही. शनिवारी सकाळची पॅसेंजर आहे लासूरला. जायचं तर तुमचं तुम्ही जा.”

शनिवारी ते मुकुंदवाडीहून गाडीत बसले. डबा निम्मा रिकामा होता. दौलताबाद मागे पडल्यावर शेतं लागली आणि तोंडाशी आलेली वाक्यं पुन्हापुन्हा जुळवत ते खिडकीतून बघत राहिले. लासूर स्टेशनला उतरल्यावर बाजार समितीचं आवार विचारावं लागलं नाही. कांद्याचा वास आणि ट्रॅक्टरांची रांग तिकडेच जात होती.

शिवराजच्या थोरल्या भावाची, कृष्णाची, तिथं आडत होती. दुकानाच्या ओट्यावर लाकडी बाकावर एक म्हातारे गृहस्थ पांढऱ्या टोपीत बसले होते. ते शिवराजचे वडील, काकासाहेब. धानोरकरांनी नाव सांगितलं तसे ते उठायला लागले.

“बसा बसा. पोरगं सांगत असतंय तुमचं. कृष्णा, चहा सांग रे.” मग आवाज उतरवून ते म्हणाले, “साहेब, तुमची लई ओळख हाय म्हणं कंपन्यांत. त्याला कुठंतरी लावून द्या. शिकलेलं पोरगं, इथं कांद्याच्या हिशेबाच्या पट्ट्या लिवतंय. माझ्यानं बघवत नाय.”

“बघतो,” धानोरकर म्हणाले.

शिवराज मागच्या शेडमधून आला. अंगात तोच स्वेटर, बाहीवर कांद्याची सालं चिकटलेली. त्याने वडिलांकडे पाहिलं आणि धानोरकरांना घेऊन रिकाम्या गोण्यांच्या थप्पीमागे गेला, जिथं बोलणं ऐकू जाणार नव्हतं.

“कशाला तसदी घेतली साहेब. फोनवर बोललो असतो.”

“मी लिहून द्यायला आलोय,” धानोरकर म्हणाले. “ती खूण तुम्ही माझ्या सांगण्यावरून केलीत. तुम्ही मधला चौकोन म्हणत होतात, मी तिसरा करायला लावला. तसं पत्र मी तुमच्या मालकांना देतो, माझ्या सहीने.”

शिवराज त्यांच्याकडे बघत राहिला. “द्याल?”

“देतो.”

“त्यानं फरक पडंल. निष्काळजीपणा असा शब्द घातलाय त्यांनी माझ्या कागदावर. तो राहिला तर मला कुणी दारात उभं करणार नाय.” त्याने एक मोठा श्वास सोडला. “उपकार होतील साहेब.”

तो शब्द ऐकल्यावर धानोरकरांना तिथंच थांबता आलं असतं. गाडी साडेअकराला होती. पण ते थप्पीवर हात टेकून उभे राहिले आणि दुसरी गोष्ट सांगू लागले. अपेक्षाची बातमी, हिमांशूचं टेबल, आपलं उत्तर. सांगताना त्यांनी स्वतःला कुठं सावरून घेतलं नाही, फक्त मध्ये एकदा ‘मला कल्पना नव्हती’ म्हणाले आणि लगेच गप्प झाले, कारण कल्पना होती.

बाहेर लिलाव पुकारणाऱ्याचा आवाज चालू होता.

“बातमी कोणत्या तारखेला तयार होती?” शिवराजने विचारलं.

“अकरा.”

“त्यात काय करा म्हणून लिहिलं होतं?”

“एक प्रत परत आणून बघा.”

“रविवारी मी एकटा जायचो कंपनीत. हप्त्यातून एक दिवस, राहिलेली कामं उरकायला. चौदाला रविवार होता.” तो गोणीचा एक दोरा ओढत होता, तो तुटेपर्यंत ओढत राहिला. “मी वाचतो हे तुमाला ठाऊक होतं. समदं वाचतो. दुसरं कुणी वाचत नाय, मी वाचतो.”

“हो.”

“माझ्याच भरवशावर तुमी जाहिरात घेतली, आन् मलाच...” त्याने वाक्य सोडून दिलं. मग अगदी कोरड्या आवाजात म्हणाला, “हे बी लिहून द्या पत्रात. तारखेसकट.”

धानोरकरांनी मान हलवली. शिवराज त्यांना स्टेशनपर्यंत सोडायला आला नाही. काकासाहेबांनी मात्र पिशवीभर कांदे बळेच हातात दिले आणि पुन्हा म्हणाले, “ध्यानात ठिवा साहेब.”

सोमवारी त्यांनी हिमांशूला सगळं कानावर घातलं. हिमांशू वाईट माणूस नव्हता. त्याने डोकं दोन्ही हातांत धरलं.

“खुणेचं लिहा काका. ते मी समजू शकतो, माझंही चुकलंय, आपण सगळ्यांनाच तिसरा चौकोन करायला लावत होतो. पण बातमी अडवल्याचं लिहू नका. ते बाहेर गेलं तर उद्या आपल्या साइटवर कोण विश्वास ठेवेल? सहा जणांची घरं आहेत.”

“त्याने तेच मागितलंय.”

“त्याला सांगितलंत कशाला?”

संध्याकाळी घरी धानोरकरांनी साध्या कागदावर पत्र लिहिलं. साइटचं लेटरहेड वापरलं नाही. निधनवार्ता लिहीत तसं, छोट्या वाक्यांत, नावं आणि तारखा आधी. लिहून झाल्यावर सवयीने दोनदा मोठ्याने वाचलं. सरोजिनीबाईंनी एका ठिकाणी ऱ्हस्व-दीर्घ सुधारलं. मंगळवारी एक प्रत स्पीड पोस्टाने कारखान्याला गेली, एक लासूरला.

पंधरा दिवसांनी कारखान्याचा फोन आला. धानोरकर त्याच गेटातून आत गेले, आणि या वेळी कारणाच्या रकान्यात काय लिहावं ते न सुचल्याने वॉचमननेच ‘चौकशी’ असं लिहिलं. आत तिघं बसले होते, मालकांचा भाऊ, मनुष्यबळवाल्या बाई आणि वकील. पाऊण तास त्यांनी तेच तेच विचारलं. शेवटी वकील म्हणाला, “तुमचा यात काय फायदा?”

“काही नाही,” धानोरकर म्हणाले.

“मग?”

“मी म्हणालो म्हणून त्याने खूण केली. एवढंच आहे.”

वकिलाला ते पुरेसं वाटलं नाही, पण त्याने टिपून घेतलं.

शिवराजला त्यांनी परत घेतलं नाही. तिथं दुसरा माणूस, त्याच्यापेक्षा कमी पगारावर, आधीच बसला होता. कागदावरचा निष्काळजीपणा हा शब्द मात्र काढला गेला आणि चांगल्या अनुभवाचं पत्र मिळालं. मार्चमध्ये त्याला जालन्याच्या एका बियाणं कंपनीत नोकरी लागली, हुद्दा खालचा. हे धानोरकरांना कृष्णाकडून कळलं. शिवराज त्यांचा फोन उचलत नव्हता. त्यांनी दोनदा केला आणि मग करायचं सोडलं.

पत्राची गोष्ट बॅकअपवाल्या कंपनीपर्यंत पोचली आणि तिने पुढची मोहीम रद्द केली. हिमांशूने धानोरकरांना काढलं नाही. आपल्या बाईंच्या नवऱ्याला काढणं त्याला जमण्यासारखं नव्हतं. त्याने त्यांचं फिरणं बंद केलं, कोपऱ्यात एक टेबल दिलं आणि चारशे नावांची यादी दिली. प्रत्येकाला फोन करायचा आणि विचारायचं, खरेदीवर सही कोणाची होते. धानोरकर सकाळी दहाला बसत आणि सहाला उठत. गुडघ्याला आराम पडला होता. चारशेपैकी तिसऱ्या चौकोनात खरोखर बसणारे एकतीस निघाले. बाकीचे कोणी बदलून गेलेले, कोणी नोकरी सोडलेले, एक जण वारलेला. त्याच्या बायकोने फोन घेतला होता, आणि धानोरकरांनी बोलणं तिथंच थांबवून, वहीत नाव खोडून, अर्धा तास दुसरा फोन केला नव्हता. एकतीसचा आकडा हिमांशूला दाखवला तेव्हा तो म्हणाला, “हं.” नवीन जाहिरातदारांना त्याने तो सांगितला की नाही, हे धानोरकरांनी विचारलं नाही. प्रायोजित हा शब्द तेवढा काळ्या, ठसठशीत अक्षरात आला. अपेक्षा तोवर पुण्याच्या एका साइटवर निघून गेली होती. जाताना ती त्यांच्या टेबलापाशी आली, काही बोलायचं म्हणून उभी राहिली, आणि “गुडघ्याची काळजी घ्या काका,” एवढंच म्हणाली.

जूनच्या एका दुपारी फोन वाजला. नंबर ओळखीचा होता.

“धानोरकर साहेब, शिवराज बोलतोय. त्या अपेक्षा मॅडमचा नंबर हाय का तुमच्याकडं?”

“आहे. कसे आहात?”

“बरंय. त्यांना एक सांगायचं होतं. आमच्या इथं कॅमेरे बसवलेत, त्याचं मशीन रोज पहाटं कुठंतरी बाहेर माहिती पाठवतंय. मी महिनाभर नोंद ठिवलीय. कुणीतरी लिहायला पायजे.” त्याने कॅमेऱ्याच्या कंपनीचं नाव सांगितलं. “त्यांची जाहिरात नाय ना तुमच्याकडं?”

धानोरकरांच्या समोरच पडद्यावर साइट उघडी होती. वरच्या पट्ट्यात तेच नाव होतं.

“आहे,” ते म्हणाले. “जुलैअखेरपर्यंत.”

पलीकडे वहीचं पान उलटल्याचा आवाज आला.

“मॅडम आता इथं नाहीत,” धानोरकर म्हणाले. “पुण्याला आहेत, दुसरीकडं. नंबर घ्या.” त्यांनी आकडे सावकाश सांगितले, मग पुन्हा एकदा सांगितले. शिवराजने ते परत म्हणून दाखवले.

“बरं,” तो म्हणाला. आभार मानले नाहीत आणि फोन ठेवला.

धानोरकर टेबलाचा आधार घेऊन उठले आणि आतल्या खोलीच्या दारात जाऊन उभे राहिले. हिमांशू कोणाशी तरी जाहिरातीचंच बोलत होता. त्याने बोट वर करून थांबायची खूण केली. खुर्ची रिकामी होती, तरी धानोरकर बसले नाहीत. बोलणं संपायला दहा मिनिटं लागली.

“काय काका?”

“कॅमेऱ्यावाल्यांविरुद्ध एक बातमी येणार आहे,” ते म्हणाले. “पुण्याला येईल. आपल्याला आधी लावता येईल. माहिती कोणाकडं आहे ते मी सांगतो, तो आपल्याशी बोलेल की नाही ते मात्र सांगता येत नाही.”

हिमांशूने खिडकीकडे पाहिलं. खाली लॅबपुढे रिपोर्ट न्यायला आलेल्या माणसांची रांग लागली होती.

“बसा,” तो म्हणाला. “कॅमेऱ्यावाल्यांचा करार कुठं ठेवलाय बघतो. मोडायचा झाला तर काय लागेल ते बघू.”